निवडुंगाच्या बुडाशी

"हात उन्हात धर," ती म्हणायची. "असा नाय. तिरपा."

मग समोरच्याचा पंजा स्वतःच्या पंजावर घेऊन ती तो उन्हाकडे कलता करायची, मान वाकडी करायची आणि एक डोळा मिटायची. निवडुंगाचं कुसळ तुम्हाला कधी रुतलं असेल तर माहीत असेल, ते केसाहून बारीक असतं. वरून कितीही निरखा, दिसत नाही. उजेड कडेने आला की मात्र कातडीवर सोनेरी लव उभी राहावी तसं चमकतं. म्हणून भर दुपारी कुणी कण्हत आला तर ती त्याला छपराखाली बसवून ठेवायची आणि सूर्य कलेपर्यंत हातही लावायची नाही. "उजेड तिरपा पायजे. डोक्यावरच्या उजेडात कुसळ लपतं."

मी जमीन मोजणी खात्यात सर्व्हेअर होतो. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि नाशिकला मुलाकडे राहतो. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते एकदा कागदावर लिहिलं होतं, माझ्याच हाताने, आणि त्याने तिचं भलं झालं नाही.

विंचूर मागे टाकून येवल्याच्या बाजूला निघालं की जमीन कोरडी होत जाते. त्या वाटेवर तिचं गाव. रस्त्यापासून पन्नासएक पावलं आत तिचं छप्पर, शेजारी शेळ्यांचा कूड, आणि त्याला लागून ते निवडुंग. निवडुंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बांधावर पसरलेलं गुडघाभर काटेरी जाळं येईल. हे तसं नव्हतं. हे झाड होतं. त्याला खोड होतं, माणसाच्या मांडीएवढं जाड, राखाडी, साल भेगाळलेली. दीड पुरुष उंचीवर फड्यातून फडा फुटून त्याचा डेरा झाला होता. खाली गळलेल्या फड्या बुडाशीच रुजून तिथे दुसरी दाटी माजली होती. लांबून पाहिलं तर वाटायचं, कुणीतरी हिरव्या ताटांची उतरंड रचून ठेवली आहे आणि ती आता पडेल, मग पडेल. ती कधी पडली नाही.

ते तिच्या सासऱ्याने लावलेलं. त्या भागात हद्दीचे दगड फार चालायचे. दरवर्षी नांगरटीनंतर वीतभर इकडे, वीतभर तिकडे, आणि विचारलं तर दोन्हीकडचे शेतकरी दगडालाच दोष देणार. सासऱ्याने मग आपल्या दगडाच्या चार अंगांना निवडुंगाच्या चार फड्या खोचल्या. पाणी घालायला नको, राखण करायला नको. दगड हलवायचा तर आधी निवडुंगात हात घालावा लागणार. तो म्हातारा गेला, तिचा नवराही गेला. निवडुंग वाढत राहिलं आणि दगड त्याच्या पोटात दिसेनासा झाला.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते रस्ता रुंद करायचा म्हणून आम्ही त्या गावात महिनाभर मुक्काम ठोकला तेव्हा. साखळी ओढणारा माझा शिपाई पहिल्याच दिवशी त्या निवडुंगात पाठमोरा घुसला. मी त्याला घेऊन तिच्याकडे गेलो. तिने आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं.

"जमीन मोजतोस ना? मंग पाय कुठं पडतो ते बघत नाय व्हय?"

हात हातात आला की ती कुणालाही अरेतुरे करायची, एरवी 'साहेब' आणि 'तुम्ही'. शिपायाला तर हातात रुतलंच नव्हतं, भलत्याच जागी रुतलं होतं. तो संकोचाने मरत होता. तिने त्याला बाजेवर पालथं घातलं, पत्र्याच्या डबीतून बाभळीचा भिजवलेला डिंक काढला, लेप दिला आणि वाळेपर्यंत शेळ्यांना चारा घालायला निघून गेली. वाळलेला डिंक तिने एका झटक्यात ओढला तेव्हा तो ओरडला, आणि त्याबरोबर निम्मी कुसळं निघाली. उरलेली तिने एकेक करून नखाने काढली.

शेळ्यांसाठी ती फड्या भाजायची. लांब चिमट्यात फडा धरून जाळावर फिरवला की काटे चुरचुर करत जळून जायचे आणि शेळ्या वासानेच रांग लावायच्या. मी उभा राहून पाहत होतो, तर म्हणाली, "साहेब, तुमाला भाजून देऊ का तसंच?"

गावच्या मास्तरांची गोष्ट तर अख्ख्या गावाला पाठ होती. निवडुंगाची लाल बोंडं खाऊ नका म्हणून ते वर्गात रोज बजावायचे. बोंड खायचं तर आधी राखेत लोळवून वरची कुसळं झाडावी लागतात, हे मुलांना ठाऊक होतं, मास्तरांना नव्हतं. एका संध्याकाळी ते तोंडावर रुमाल धरून तिच्या दारात उभे राहिले. बोलता येईना. तिने सगळं ओळखलं. "मास्तर, जीभ उन्हात धर," म्हणाली. शाळेची पोरं कुडाआडून पाहत होती. ती काम करता करता त्यांना म्हणाली, "जा रे घरी. उद्या सुट्टी हाय, मास्तर मुके झाले."

आमच्या मुक्कामातच दसरा आला. सकाळी कोवळ्या उन्हात मी तिला निवडुंगाजवळ जमिनीवर पालथी पडलेली पाहिली आणि धावलो. तिला काही झालं नव्हतं. तिने लांब काठीच्या टोकाला चिंधी बांधली होती, ती तेलात कालवलेल्या शेंदरात बुडवली होती, आणि फड्यांच्या खालच्या फटीतून ती काठी आत सारत होती. मी वाकून पाहिलं. तिरप्या उन्हात आत दगड दिसला. हातभर उंच, माथ्यावर छिन्नीने मारलेली फुली, आणि वर्षांवर्षांच्या शेंदराचे थर.

"हा देव आहे?" मी विचारलं.

"हद्दीचा हाय," ती म्हणाली. "बाहेरच्या देवाला कुणीबी शेंदूर लावतं. ह्याला माझ्याबगर कोण हाय?"

म्हणजे तो दगड तिथे आहे, हे मी पाहिलं होतं. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

आता माझी पहिली चूक. तिच्या आणि शेजाऱ्याच्या हद्दीचा दुसरा दगड रस्त्याच्या कडेला होता. रस्ता रुंद होणार म्हणून तो उपटून आत घ्यायचा होता. नवी जागा दोन बाजूंनी साखळीने मापून ठरवायची असते. तो आमच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस होता, जीप उभी होती, सामान चढत होतं. मी डोळ्यांनी अंदाज घेतला आणि शिपायाला म्हणालो, इथे पूर. ती छपराच्या दाराशी उभी होती. "साहेब, हितं?" तिने विचारलं. मी म्हणालो, हो, हितंच. ती म्हणाली, "बरं."

आठ-नऊ वर्षांनी माझी बदली पुन्हा त्याच तालुक्यात झाली आणि तिच्या शेजाऱ्याचा मोजणीचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. शेजारी दुष्ट नव्हता. मऊ बोलणारा, हात जोडून उभा राहणारा माणूस. त्याला कांदा साठवायची चाळ बांधायची होती आणि आपली हद्द कुठवर आहे, एवढंच हवं होतं. दसरा नुकताच झाला होता. मी दोन दिवस मोजणी केली. आसपासचे जुने दगड नांगराखाली गेले होते, म्हणून रस्त्याकडेच्या दगडापासून सुरुवात केली. जुन्या टिपणातल्या मापांप्रमाणे रेघ ओढली. रेघ निवडुंगाच्या अलीकडून, तिच्या जमिनीतून गेली. निवडुंग, शेळ्यांचा कूड आणि तिचं छप्पर, सगळं शेजाऱ्याच्या बाजूला पडलं.

पंचांसमोर मी ते छातीठोकपणे सांगितलं. चुना मारून दाखवला. ती चुन्याच्या रेघेकडे पाहत राहिली. तेव्हा ती साठीला टेकली असेल. ओरडली नाही.

"साहेब, दगड आत हाय," ती म्हणाली. "फुलीचा. उद्या सकाळपतोर थांबा, मी कोयत्यानं मोकळं करते."

दुसऱ्या दिवशी मला विंचूरला दुसरी मोजणी होती. आणि दोन दिवसांचं काम कुणी असं पुन्हा तपासून बघायला निघालं की सर्व्हेअरला राग येतो. मी म्हणालो, तोडायची गरज नाही, मी स्वतः हात घालून बघतो. पंचांना बरं वाटलं. साहेब निवडुंगात हात घालतो म्हणजे काय. मी हाताला गोणपाट गुंडाळलं, बोटं मोकळी ठेवली, गुडघ्यांवर बसलो आणि फड्यांच्या दाटीत खांद्यापर्यंत हात सारला.

आधी माती लागली. मग गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. बोटं वर सरकवली तर दगडाचा माथा, आणि माथ्यावर खाच. एक आडवी, एक उभी.

तुम्ही कधी असे अडकला आहात का, ते मला माहीत नाही. मी त्या क्षणी सगळं पाहिलं. हा दगड जागेवर आहे, म्हणजे रस्त्याकडचा जागेवर नाही. तो कुणी पुरला, ते मला ठाऊक होतं. 'दगड आहे' म्हटलं असतं तर दोन दिवसांची मोजणी रद्द, आणि मग रस्त्याकडचा दगड चुकीच्या जागी कसा गेला, याचा शोध. पोलिसात जाण्यासारखं त्यात काही नव्हतं. फार तर वरच्या साहेबांनी झापलं असतं, एखादी वेतनवाढ रखडली असती.

"हाय का काही?" शेजाऱ्याने मागून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "नुसती माती आहे."

हात बाहेर काढला तेव्हा तो कुसळांनी भरला होता आणि दोन बोटांची टोकं लाल झाली होती. शेजारी म्हणाला, बोंड फुटलं वाटतं हातात. पंच हसले.

तिने माझा हात धरला. "चल, काढते," म्हणाली आणि छपराच्या दारात घेऊन गेली. चार वाजले असतील. तिने माझा पंजा उन्हाकडे कलता केला, मान वाकडी केली, आणि एक डोळा मिटायच्या आधी ती थांबली. बोंडाचा रस जांभळट असतो आणि पाण्याने जातो. शेंदूर केशरी असतो आणि तेलकट. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने पदराच्या टोकाने माझी बोटं पुसली, पदर उलटवून त्याच्यावरचा रंग पाहिला, आणि तो पदर कमरेला खोचला.

मग तिने डबी उघडली, डिंक लावला, वाळू दिला, ओढला. एकेक कुसळ नखाने काढलं.  पंच दहा पावलांवर तंबाखू मळत होते. मी बोललो असतो तर त्यांना ऐकू गेलं असतं.

शेवटी तिने माझं पहिलं बोट दाबून पाहिलं.

"एक राहिलंय," ती म्हणाली. "लय आत गेलंय. थांब जरा. उजेड आणखी तिरपा झाला की निघंल."

मी म्हणालो, जीप निघायची आहे.

"मंग परत ये. ठेवू नको आत."

मी कागद पुरे केले. त्यात हे वाक्य लिहिलं: 'निवडुंगाच्या बुडाशी हद्दीचा दगड मिळून आला नाही.' तिचं काही म्हणणं आहे का, असं विचारायचं असतं, म्हणून विचारलं. ती पंचांकडे पाहून म्हणाली, "साहेबांनी हात घालून बघितलं. मंग मी काय बोलू?" आणि अंगठा दिला.

त्या वेळी बऱ्याच जणांना वाटलं की मी शेजाऱ्याकडून काही घेतलं. काही घेतलं नाही. त्याच्या घरचा चहासुद्धा घेतला नव्हता. घेतलं असतं तर निदान मला कसला मोह पडला हे सांगता आलं असतं.

पुढचं मला शिपायाकडून कळलं. निवडुंग आता शेजाऱ्याच्या हद्दीत, म्हणून तिला त्याला हात लावायची सोय राहिली नाही. शिपायाने तिला विचारलं होतं, गुपचूप तोडून दगड दाखवत का नाहीस? ती म्हणाली, आता दाखवला तर म्हणतील, म्हातारीनंच आणून पुरला. सहा महिन्यांनी तिने शेळ्या विकल्या आणि ती नामपूरला दिलेल्या लेकीकडे निघून गेली. छप्पर पाडायला शेजाऱ्याने माणसं लावली नाहीत. ते पावसाने आपोआप बसलं.

बोट अजून दुखतं. नेहमी नाही. सही करताना, चहाचा कप धरताना. दोन डॉक्टरांना दाखवलं. एकाने भिंगातून पाहिलं आणि आत काही नाही म्हणाला. मी त्याला खिडकीपाशी चला म्हणालो, तर तो हसला. सुनेने गॅलरीत निवडुंगाची कुंडी आणली होती, पेल्याएवढी, शोभेची. मी कारण न सांगता ती काढायला लावली. आता आपल्या जिल्ह्यात ड्रॅगन फ्रूटच्या बागा झाल्या आहेत. तीही निवडुंगाचीच जात. घरी कुणी ते फळ चिरलं की मी उठून आत जातो. सगळ्यांना वाटतं, मला आवडत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी एकटाच बसने त्या गावी गेलो. निवडुंग नव्हतं. तिथे कांद्याची चाळ उभी होती. शेजारी वारला होता. त्याची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी जुना सरकारी माणूस आहे, एवढंच सांगितलं. चाळीच्या कडेला, लिंबाखाली, दगड होता. हातभर उंच, माथ्यावर फुली, फुलीत शेंदूर, आणि वर झेंडूचं सुकलेलं फूल.

"निवडुंग काढलं तवा जेसीबीनं वर आला," ती म्हणाली. "शेंदराचा होता, मंग टाकवंना. कुठला देव ते ठावं नाय, पण सणाला फूल ठेवतो."

"तुमचे सासरे काय म्हणाले?"

"ते काय नाय बोलले. पण कधी हात नाय जोडले त्याला. तिकडं पाठ करूनच बसायचे." मग चाळीमागे बोट दाखवून म्हणाली, "त्या निवडुंगाची लय कटकट हाय बघा, आजोबा. काढलं तरी येतंच."

मी पाहिलं. जेसीबीने विस्कटलेले तुकडे रुजले होते. चाळीच्या मागे, खोड होतं त्या जागेभोवती, वीतवीत उंचीच्या फड्या पुन्हा उभ्या राहत होत्या.

तिथून नामपूरला गेलो. लेक सापडायला वेळ लागला नाही. तीही आता साठीची आहे. ओट्यावर बसून कांदे निवडत होती. तिची आई जाऊन पंधरा वर्षं झाली. मी म्हणालो, तुमच्या आईने एकदा माझ्या शिपायाचे काटे काढले होते, इकडे आलो होतो म्हणून चौकशी केली. ती खूश झाली. आत जाऊन पत्र्याची डबी घेऊन आली. झाकण गंजलं होतं. डिंकाचा खडा आत तसाच होता.

"हे मला फेकू देईना," लेक म्हणाली. "म्हणायची, एका साहेबाचं कुसळ राहिलंय माझ्याकडं. तो येईल. शेवटी शेवटी तर रोज विचारायची, साहेब आला का."

मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमीच का ते?"

ऊन ओट्यावर आडवं आलं होतं. निवडलेल्या कांद्यांच्या साली त्यात चमकत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "ते दुसरे साहेब. मी त्यांच्या कचेरीत होतो."

तिने मान हलवली. चहा केला. कप घेताना माझं बोट कपाच्या कानाला टेकलं आणि मी हात मागे घेतला. तिने ते पाहिलं.

"काय रुतलंय का? हात उन्हात धरा बघू."

तोच आवाज नव्हता. पण मान तशीच वाकडी झाली होती. मी उठलो, बसची वेळ झाली म्हणालो, आणि चहा तसाच ठेवून निघालो.

बस नामपूर सोडून बराच वेळ धावत होती आणि मी हात खिडकीतल्या उन्हात धरून बसलो होतो. शेजारच्या माणसाने विचारलं, आजोबा, काही लागलं का. मला सांगता आलं नाही.

म्हणून हे लिहिलं. तिने पदरावरचा रंग पाहिला तेव्हा ती तिथेच ओरडून का बोलली नाही, यावर मी फार वर्षं विचार केला. मला वाटतं, ती मला सूर्य कलेपर्यंतचा वेळ देत होती. याचा कायद्याने काही उपयोग होईल की नाही, सांगता येत नाही. सगळ्या मुदती केव्हाच संपल्या आहेत. तरी याची एक प्रत मी नामपूरला लेकीकडे पाठवतो आहे, एक त्या सुनेकडे, म्हणजे ती कुठल्या देवाला फूल ठेवते हे तिला कळेल, आणि एक सहीनिशी कचेरीत देतो आहे. लेकीच्या प्रतीवर वर हाताने एवढंच लिहिलं आहे, की ते साहेब मीच.

जुन्या कागदातल्या एका वाक्याची दुरुस्ती अशी:

निवडुंगाच्या बुडाशी हद्दीचा दगड मिळून आला. माथ्यावर फुली आहे. फुलीत शेंदूर आहे, ओला.